आत जातं ते काडतूस चालतंच असं नाही

शेतीसंरक्षणाच्या जुन्या बंदुका, त्यांची दारू आणि आपला पावसाळा

हळवं भात निसवलं, दाण्यात दूध भरायला लागलं की रानडुकरांना कुणी आवतण द्यावं लागत नाही. कळप एकदा खाचरात उतरला की खातो थोडं आणि लोळवतो जास्त. चार महिने चिखलात राबलेला माणूस सकाळी बांधावर उभा राहून बघत राहतो. मग राखण सुरू होते. माळा बांधला जातो, डबे वाजवले जातात, जुन्या साड्या कुंपणाला लावल्या जातात. ज्यांच्या घरात शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, त्यांच्याकडे ती खुंटीवरून खाली निघते.

शेतकरी बंधूंनो, आज लिहायचं आहे ते त्या बंदुकीविषयी. बियाणं, खत आणि फवारणी हा आमचा नेहमीचा विषय. पण नुकसानीच्या पंचनाम्याला घरोघर जावं लागतं, तेव्हा ओटीवर चहा घेता घेता बंदूक आणि काडतुसांचा डबा हमखास पुढे येतो. त्या डब्यात जे दिसतं त्याची काळजी वाटते. वडिलांनी आणलेली कागदी काडतुसं, परवाच घेतलेली प्लॅस्टिकची, आणि कुणा पाहुण्याची राहिलेली दोन, सगळी एकाच डब्यात. कुठलं कुठल्या बंदुकीचं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "आत जातं ना, मग चालतं!"

या एका वाक्यापायी बोटं जातात, डोळे जातात. बंदूक फुटते ती चापाजवळ, डाव्या हाताच्या पंज्यापाशी आणि तोंडापासून वीतभर अंतरावर. म्हणून हा लेख जरा सावकाश वाचा, आणि शक्य असेल तर बंदूक रिकामी करून समोर ठेवून वाचा.

जुन्या बंदुका आपल्याकडे इतक्या का?

याचं एक कारण कायद्यातच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीला परवाना देता येतो. त्यामुळे गावात केपाची ठासणीची बंदूक आणि एकनळी किंवा दुनळी बारा बोअर या दोनच जाती जास्त. क्वचित कुणाकडे .३१५ ची रायफल. आणि एखाद्या जुन्या घरात लष्करी घाटाची, लांब लाकडी दस्त्याची बंदूक, जी कुणाच्या पणजोबाला कुठून मिळाली ते आता कुणालाच सांगता येत नाही.

या बंदुकांचं वय बघा. ज्या काळात त्या बनल्या, त्या काळची दारू वेगळी होती, पोलाद वेगळं होतं, काडतुसाची लांबीसुद्धा वेगळी होती. बंदूक आजोबांची आणि काडतूस आजच्या दुकानातलं, असा हा जोड आहे. तो जुळतो का, हे बघण्याचं काम परवानाधारकाचं. दुकानदार फार तर परवान्यावरचा बोअर बघून काडतूस देईल. तुमची नळी आतून कशी आहे हे त्याला दुकानात बसून दिसत नाही.

नंबर एक, बंदुका अनेक

बोअरचा आकडा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती १२ बोअर. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. १६ गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून १६ बोअरची नळी १२ बोअरपेक्षा बारीक, आणि २० बोअरची त्याहून बारीक. आकडा मोठा तशी नळी लहान, हे उलट गणित पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. रायफलीचं तसं नाही. .३०३ म्हणजे इंचाचे तितके भाग, तिथे आकडा मोठा तशी नळी मोठी.

पण हा आकडा फक्त नळीची रुंदी सांगतो. काडतूस जिथे बसतं ती खोली किती लांब आहे, नळी किती दाब सोसते, कुठल्या दारूसाठी ती घडवली आहे, यातलं काहीच तो सांगत नाही. लष्करातल्या रायफलींचा इतिहास बघितला की हे पटतं.

१८५७ साली ज्या काडतुसावरून रान पेटलं ते .५७७ च्या एन्फिल्ड रायफलीचं कागदी काडतूस. ती ठासणीची रायफल. पुढे १८६६ साली तिच्याच नळीला मागून काडतूस भरायची सोय करून स्नायडर रायफल निघाली, १८७१ साली मार्टिनी-हेन्री आली. या सगळ्या काळ्या दारूच्या. १८८८ साली इंग्रजांनी .३०३ ची ली-मेटफर्ड घेतली, तीही सुरुवातीला काळ्या दारूचीच. तीन-चार वर्षांत कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. तेच .३०३, तीच रायफल, फक्त दारू बदलली. पण कॉर्डाइटच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ आट्या भराभर झिजायला लागल्या. शेवटी १८९५ साली आट्यांची घडण बदलून ली-एन्फिल्ड काढावी लागली. सरकारी कारखाने, सरकारी तज्ज्ञ आणि नव्या कोऱ्या रायफली असताना ही गत. आपली बंदूक तर ओटीवर साठ पावसाळे काढलेली.

जर्मनांचंही तसंच. त्यांची १८८८ ची रायफल ८ मिलिमीटरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी गोळीचा व्यास सुमारे ८.१ वरून ८.२ मिलिमीटर केला आणि दारूही जोरदार घातली. नाव ८ मिलिमीटरच राहिलं. जुन्या बारीक नळीत नवी जाड गोळी घातली तर दाब किती वाढेल याचा विचार करा. मिलिमीटरचा दहावा हिस्सा! वर्नियर लावल्याशिवाय तो डोळ्यांना दिसतही नाही.

आपल्या देशातलं उदाहरण मस्कटचं. इशापूरच्या कारखान्यात .३०३ च्या रायफलींच्या नळ्या मोठ्या आणि गुळगुळीत करून .४१० ची एकबारी मस्कट बनवली गेली. पोलीस आणि तुरुंगखात्यात ती पुष्कळ वर्षं होती. तिचं काडतूस .३०३ च्या पितळी पुंगळीचंच, फक्त पुढची मान बारीक न करता सरळ ठेवलेलं. आता बाजारात .४१० चं म्हणून जे छऱ्यांचं काडतूस मिळतं ते बुडाशी किंचित जाड असतं, म्हणून मूळ मस्कटमध्ये ते जात नाही. मग लोक खोली कापून मोठी करून घेतात. ती कुणी कापली, किती कापली, कागदावर नोंद आहे की नाही, यावर सगळं अवलंबून. दुसरा धोका याहून मोठा आहे. बाहेरून ती हुबेहूब .३०३ दिसते, आणि .३०३ ची पुंगळीच तिचा पाया असल्यामुळे खरं .३०३ काडतूस तिच्या खोलीत शिरू शकतं. ते तिथे उडवायचं नसतं. फौजेतून आलेल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, की तुमचा हात सरावाचा आहे, पण फौजेत तुम्हाला रायफल आणि काडतूस दोन्ही तपासून हातात मिळत होतं. इथे कुणी तपासलेलं नाही. शिवाय .३०३ हा प्रतिबंधित बोअर. तो साध्या परवान्यावर ठेवता येत नाही, आणि त्याचं एक काडतूस घरात सापडलं तरी उत्तर द्यावं लागतं.

.३१५ ची गोष्ट त्यातूनच निघाली. लष्करी बोअर नागरिकांच्या हाती नको, म्हणून इंग्रजांच्या काळात ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर जातीचं ८ मिलिमीटर काडतूस इथल्या शिकारी रायफलींना लावलं गेलं. पुढे इशापूरलाच .३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनू लागली. तिचा सांगाडा ली-एन्फिल्डच्या वळणाचा असल्यामुळे लांबून दोन्ही सारख्याच वाटतात. .३१५ ला .३१५ चंच काडतूस, तेही परवानाधारक दुकानातलं. बोल्ट सहज मिटत नसेल तर तळव्याने ठोकून मिटवायचा नाही. काडतूस काढायचं, बाजूला ठेवायचं आणि त्याच्या बुडावरचा छाप वाचायचा.

बारा बोअर : इथेच चुका जास्त

आपल्या भागात खरा प्रश्न बारा बोअरचा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली चूक लांबीची. जुन्या विलायती बारा बोअरची खोली बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची. आज मिळणारी काडतुसं पुष्कळदा पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची. आता गंमत अशी, की ७० मिलिमीटरचं काडतूस ६५ च्या खोलीत अगदी आरामात जातं, बंदूक मिटतेही. कारण ७० हा आकडा उडालेल्या, तोंड उघडलेल्या पुंगळीचा. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं. बार उडाला की ते तोंड उघडायला जातं, पण पुढे जागाच नसते. नळी अरुंद होते तिथेच ते अडकतं, छरे त्या चिंचोळ्या वाटेने निघतात आणि दाब वाढतो. एका बाराला काही होणार नाही, दहालाही होणार नाही. बिजागरी सैल होत जाते, नळीला बारीक तडा जातो आणि अकराव्याला कळतं.

म्हणून काडतुसाच्या पाकिटावरचा आणि पुंगळीवरचा आकडा वाचा. नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या की नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूला छाप दिसतात. बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या तपासणीघराचे ते छाप. काही बंदुकांवर तिथे खोलीची लांबीही कोरलेली असते. कोरलेली नसेल तर गनस्मिथकडून मोजून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून बंदुकीच्या पेटीत ठेवा.

त्याच जागी 'नायट्रो प्रूफ' असे शब्द आहेत का बघा. ते असतील तर ती नळी बिनधुराच्या दारूने तपासली होती, असा अर्थ. नसतील तर ती काळ्या दारूची समजून चाला आणि गनस्मिथने बघितल्याशिवाय दुकानातलं काडतूस तीत घालू नका. छाप असला तरी तो ज्या दिवशी मारला त्या दिवसाचा. नंतर कुणी नळी घासली असेल, गंज खरवडून काढला असेल, तर भिंत पातळ झालेली असते. काही जुन्या नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असंही कोरलेलं सापडतं. त्या नळीचं तोंड मुद्दाम आवळलेलं असतं, म्हणून एकच मोठी गोळी तीतून सोडू नये असा त्याचा अर्थ. डुकरासाठी एक गोळी बरी, असं म्हणणाऱ्यांनी हे तीन शब्द आधी शोधावेत.

दुसरी गोष्ट पिळाच्या नळ्यांची. काही जुन्या दुनळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी, नागमोडी नक्षी दिसते. घरातली माणसं कौतुकाने दाखवतात, आणि ती आहेही कौतुकाची. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून सांधून ती नळी केलेली असते. दमास्कस म्हणतात ती हीच. पण जितके वेढे तितके सांधे, आणि आपल्या हवेत सांध्याच्या आत गंज धरला तर तो वरून दिसत नाही. माझं मत विचाराल तर अशी बंदूक पेटीत ठेवावी, तेल लावावं, नातवंडांना दाखवावी. राखणीला नेऊ नये.

तिसरी चूक बोअर मिसळण्याची, आणि ही सगळ्यांत घातक. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या खोलीत टाकलं तर ते घसरून पुढे जातं आणि जिथे नळी अरुंद होते तिथे कड अडकून बसतं. रात्रीची वेळ, हातात बॅटरी, घाई. चाप ओढला, बार झाला नाही. बंदूक उघडून बघितली तर खोली रिकामी. भरायचं राहिलं असं वाटून माणूस मागून १२ चं काडतूस घालतो. पुढच्या काडतुसावर मागचं काडतूस उडतं. पुढे काय होतं ते सांगायला नको. ज्या घरात किंवा ज्या वाडीत दोन बोअरच्या बंदुका आहेत तिथे काडतुसांचे डबे वेगळे हवेत, आणि राखणीला निघताना खिशात एकाच जातीची काडतुसं हवीत. शेजाऱ्याकडून उसनी काडतुसं घेणं तर बंदच करा. कायद्याने तो गुन्हा आहेच, आणि अंधारात असा गोंधळ होतो तो त्यातूनच.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं नाव तुम्हाला ठाऊक असेल. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना २०२१ च्या ऑक्टोबरपासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आहे. तिथली १२ बोअरची काडतुसं आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहेत. सांगायचा मुद्दा असा, की कारखान्यातलं ताजं, पाकीटबंद काडतूस घ्या. उडालेल्या पुंगळीत घरी दारू भरून, वरून मेण ओतून केलेलं काडतूस कुणी स्वस्तात देतो म्हणून घेऊ नका.

ठासणी : दारू म्हणजे दारू नव्हे

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं, म्हणून तिथे चूक व्हायला जागा नाही असं वाटतं. उलट आहे. काडतुसात कारखान्याने मोजून दिलेलं असतं. ठासणीत सगळं आपल्या हातात.

ठासणीची बंदूक काळ्या दारूसाठीच घडवलेली असते. काळी दारू जळते तिचा दाब ती नळी सोसते. बारा बोअरचं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालायचा प्रकार काही ठिकाणी चालतो. ती बिनधुराची दारू असते. तितक्याच मापाला तिचा जोर कितीतरी जास्त. ती एक चिमूटसुद्धा ठासणीत जाता कामा नये. तीच गोष्ट फटाक्याच्या दारूची आणि काडेपेटीच्या गुलाची. फटाक्यातली चकाकणारी दारू जळत नाही, एकदम भडकते. गजाने ठासताना घर्षणानेही ती पेट घेऊ शकते, आणि त्या वेळी माणसाचं तोंड नळीच्या वर असतं. दारू परवान्यावर, परवानाधारक दुकानातून, मूळ डब्यात. किती घालायची हे त्या बंदुकीच्या नळीवरून गनस्मिथने ठरवून द्यावं. "मूठभर घाल, आवाज मोठा येतो" हे माप नव्हे.

ठासणीचा दुसरा दोष म्हणजे ती भरलेली आहे की रिकामी हे बघून कळत नाही. संध्याकाळी ठासली, डुक्कर आलं नाही, सकाळी तशीच खुंटीला लावली. आठ दिवसांनी दुसऱ्या भावाने तिच्यावर आणखी एक बार ठासला. याला एक सोपा उपाय आहे. नळी रिकामी आहे याची खात्री असताना गज पूर्ण आत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. पुढे केव्हाही गज आत सोडल्यावर ती खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे. दरवेळी भरण्याआधी गज सोडून बघायचा, केप काढून ठेवून, तोंड बाजूला धरून.

तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुका ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या उडवण्याचा विचारच करू नये. त्यांचा जमाना गेला.

पावसाळा आणि कुंभारीण

कोकणच्या हवेचं वेगळं सांगायला हवं, कारण पुस्तकात ते नसतं.

बंदूक मांगरात कोपऱ्याला उभी असते. जूनमध्ये ठेवली आणि सप्टेंबरात काढली, तर मधल्या काळात नळीत कुंभारीण माशीने मातीचं घरटं केलेलं असू शकतं. किडीविषयी आम्ही नेहमी सांगतो त्यात ही एक धरा. सुकलेली माती दगडासारखी घट्ट बसते. नळीत अशी आडकाठी असताना बार केला तर नळी तिथेच फुगते किंवा फाटते. चिखलात तोंड टेकलं, कापडाचा बोळा आत राहिला, तरी तेच. म्हणून पहिल्या बाराआधी दुनळी असेल तर उघडून उजेडाकडे धरून बघा. आरशासारखी गोल, सलग चकाकी दिसली पाहिजे. ठासणीला गजाची खूण आहेच.

कागदी काडतुसं ओल धरून फुगतात. फुगलेलं काडतूस दाबून बसवू नका. ते चुलीवरच्या शिंक्यात, भाताच्या कोठीवर किंवा उन्हात वाळवूही नका. वरून सुकलं तरी आतली दारू आणि टोपी पहिल्यासारखी होत नाही. असं काडतूस कधी उडत नाही, कधी उशिरा उडतं. चाप ओढल्यावर बार झाला नाही तर बंदूक तशीच सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर थांबा, मग उघडा. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला, तर दुसरं काडतूस घालण्याआधी नळीतून आरपार बघितलंच पाहिजे. छरे किंवा बोळा मध्येच राहिलेला असू शकतो.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मिठासारखा क्षार नळीत राहतो, आणि मीठ पावसाळ्यात कसं पाणी सुटतं ते घरातल्या बायकांना विचारा. नळीत तेच होतं आणि चार दिवसांत गंज चढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही. पाण्यात विरघळतो. काळ्या दारूची काजळीही पाण्यानेच निघते. म्हणून अशा बारानंतर आधी कढत पाण्याने नळी धुवायची, कोरडी पुसायची आणि मग तेल. नुसतं तेल लावून ठेवणारे क्षारावर पांघरूण घालतात.

जुनी, ओळख न पटणारी काडतुसं घरात ठेवू नका. विहिरीत, नदीत, चुलीत किंवा उकिरड्यावरही टाकू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा आणि पावती घ्या.

पोलीस पाटील आणि सरपंचांसाठी

गावात एक समज आहे, की फार जुनी बंदूक असली तर परवाना लागत नाही. हे अर्धवट आहे. कायद्याच्या कलम ४५ मधली सूट जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला आहे, पण दुरुस्त करून किंवा न करता ते बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. ज्या ठासणीतून मागच्या दिवाळीला बार काढला, ती शंभर वर्षांची असली तरी या सुटीत बसत नाही. असं काही घरात असेल तर त्या कुटुंबाला वेळीच ठाण्यात पाठवणं हे पोलीस पाटलांचं मोठं काम होईल.

परवानाधारक वारला की परवाना आपोआप मुलाच्या नावावर होत नाही. कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता बंदूक आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात, आणि मग वारसाने आपला अर्ज करायचा. तेराव्यापर्यंत कुणाच्या हे ध्यानात राहत नाही. सांगणारं कुणीतरी लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. संपण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे, हेही ग्रामसभेत एकदा स्पष्ट सांगायला हवं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्याची परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. अर्ज वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करावा. हवेत बार काढून कळप हुसकावणं आणि गोळी घालणं यात कायद्याला फरक दिसतो. पिकाचं नुकसान झालं तर खाचर तसंच ठेवा, मोडकं भात उचलू नका, लगेच वनखात्याला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचं प्रकरण उभं राहत नाही. डुकरांसाठी शेतात गावठी बॉम्बचे गोळे पेरणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. गुन्हा तर आहेच, आणि पहिला घास अनेकदा आपल्याच गायीचा असतो.

निवडणुकीच्या काळात बंदुका ठाण्यात जमा होतात. महिना-दोन महिन्यांनी परत मिळतात तेव्हा आपलीच बंदूक आहे ना, हे नंबर वाचून बघा. शेकडो बंदुका एका खोलीत उभ्या असतात, तिथे धूळ असते, ओल असते आणि माशाही असतात. घरी आल्यावर नळी आरपार बघा, ठासणी असेल तर गज सोडून खूण तपासा, बिजागरी हलवून बघा. दुनळी मिटलेली असताना हातात धरून हलकेच झटकली आणि खुळखुळ आवाज आला, तर ती राखणीला न नेता गनस्मिथकडे न्या, आणि जाताना तिच्यात वापरता त्या काडतुसांचं पाकीटही सोबत असू द्या.